व्हर्नासाठी जेवताना

कॉव्हेंट्री
२३ जानेवारी १९९४

अनू,

अक्षर ओळखलं असशीलच. पाकीट फोडलंस तर पुढचं वाच, एवढंच म्हणते.

व्हर्ना आजारी आहे. अन्ननलिकेचा कॅन्सर आहे आणि आता ऑपरेशन करून उपयोग नाही. नोकरी सोडून ती परत वेस्ट इंडीजला, सेंट लुशियातल्या आपल्या गावी बहिणीकडे राहायला गेली, हे तिच्या ख्रिसमस कार्डावरून तुला कळलं असेल. त्या बहिणीचा, इनेजचा, मला फोन आला. म्हणाली, "शी इज आस्किंग फॉर हर टू इंडियन्स."

शिकत असताना नर्सेस होममधे आपल्याला सगळे हेच म्हणायचे. व्हर्ना आणि तिच्या दोन इंडियन्स.

मी पुढच्या महिन्यात जातेय. वॉर्डमधून रजा मिळाली आहे. तुला कळवावं की नाही, यावर मी आठवडा घालवला. शेवटी माझा नवरा हरिदास म्हणाला, "तू कळव. पुढचं काय ते तिचं ती बघेल." म्हणून हे पत्र. खाली इनेजचा पत्ता लिहिलाय. घरी फोन नाही, पण शेजारच्या दुकानात आहे, त्याचाही नंबर दिलाय. दुकानदारीण बोलवायला येते.

लता


लाबोरी, सेंट लुशिया
१९ फेब्रुवारी १९९४

अनू,

पोचले. व्हर्नाला तू ओळखली नसतीस. पेशंटला एकटीने कॉटवरून उचलणारी आपली व्हर्ना आता उशीला टेकून बसली तरी दमते. पातळ तेवढंच घशाखाली उतरतं. पेज, कोमट कोको, नारळपाणी. तेही घोट घोट.

मी खोलीत शिरले तर पहिला प्रश्न काय? "विमानात काय दिलं खायला?"

मी सांगितलं. चिकन, कसलातरी पांढरा सॉस, एक थंडगार ब्रेड रोल.

"दॅट इज नॉट फूड," ती म्हणाली. आवाज घोगरा झालाय, पण हुकूम तोच. "इनेज, हिला वाढ."

इनेजने ताट आणलं. उकडलेली कच्ची केळी आणि खारवलेला सुका मासा, कांदा-मिरचीत परतलेला. इथे कच्च्या केळ्याला फिग म्हणतात, आठवतं? पहिल्या वर्षी आपण दोघी अंजीर शोधत बसलो होतो तिच्या पातेल्यात. मी ताट घेऊन बाहेर जायला लागले. तिच्यासमोर कसं खायचं? तर मला कॉटशेजारच्या खुर्चीवर बसवलं.

"हळू चाव. मला बघू दे."

मी ताटातलं केळं नुसतं चिवडत राहिले. तिने थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "रडायचं असेल तर अंगणात जा, दूदू. जेवायचं असेल तर इथे बस." दूदू ही इकडची लाडाची हाक.

मी जेवले. सगळं संपवलं. सुक्या माशाला आमच्याकडच्या सुकटीसारखाच वास, आणि खाली केळ्याची नुसती पिठूळ, निवांत चव. ती माझ्या तोंडाकडे पाहत होती.

मग तिने बेत सांगितला. वीस वर्षं इंग्लंडमधे ती इथल्या जेवणाची स्वप्नं बघत राहिली. परत आली आणि पोटभर खाऊन घ्यायच्या आत घसा बंद झाला. आता तिच्या वतीने मी बेटभर फिरायचं, ती सांगेल तिथे जायचं, ती सांगेल ते खायचं, आणि येऊन तिला सांगायचं.

"अगं, पण मी तुझ्याजवळ बसायला आलेय," मी म्हटलं.

"बसून काय करशील? नाडी मोजशील?"

उद्या मिनीबसने कॅस्ट्रीजला जायचंय, बाजारात.

लता


लाबोरी
२४ फेब्रुवारी १९९४

अनू,

चार दिवस मी फक्त खातेय. या गावातून त्या गावात जाणाऱ्या मिनीबस गच्च भरतात, मोठ्याने गाणी लावतात आणि डोंगराच्या वळणावर अशा सुटतात की मी डोळे मिटून घेते. शेजारची बाई विचारते, "यू ऑल राइट, मिस?" मी कुठली, काय, कोणाकडे आले, हे पुढच्या थांब्यापर्यंत सगळ्या बसला कळलेलं असतं. व्हर्नाचं नाव घेतलं की चेहरे उतरतात.

कॅस्ट्रीजच्या बाजारामागे छोट्या छोट्या खानावळी आहेत. तिथे एका बाईकडे 'बुयाँ' खाल्लं. एकाच पातेल्यात राजमा, खारवलेली डुकराची शेपटी, अळकुड्या, कच्ची केळी आणि पिठाचे उंडे, सगळं तासन्‌तास रटरटलेलं. बाकावर जागा नव्हती. एका माणसाने सरकून घेतलं आणि माझ्या हातातला चमचा पडला तर स्वतःचा पुसून दिला. दुसऱ्या दिवशी श्वाझेलला रस्त्याच्या कडेला सकाळचा कोको प्यायले. दालचिनी, जायफळ, तमालपत्र घालून उकळलेला, वर तुपासारखा तवंग. बरोबर 'बेक्स', म्हणजे आपल्या जाड पुऱ्याच म्हण.

पण मला सांगता येत नाही गं. व्हर्ना उलटतपासणी घेते.

"उंडे लांबट होते की गोल?"

"लांबट... वाटतं."

"वाटतं? आणि लागलं कसं?"

"छान होतं."

"छान!" तिने डोळे मिटले. "छान तर ती पांढरी सॉसवाली कोंबडीसुद्धा असते. अनू असती तर मला आत्तापर्यंत वास आला असता."

हे मात्र खरं आहे. रविवारी दुपारी कँटीन बंद, बाहेर पाऊस, कपाटात टोस्ट आणि मार्जरिन. तू पलंगावर मांडी घालून गुहागरच्या आजोळचं जेवण सांगायचीस. नारळ फोडण्यापासून सुरुवात. आजी परसातून काय खुडून आणायची, चुलीवर काय आधी चढायचं, फोडणीचा आवाज कसा यायचा. व्हर्ना कार्पेटवर आडवी होऊन ऐकायची. ताट वाढून होईपर्यंत तू आम्हाला बोलू द्यायची नाहीस.

म्हणून आज हे लिहितेय. तिला तुझं पत्र हवंय. माझ्याशी बोलू नकोस, माझा उल्लेखही करू नकोस. तिला फक्त एक जेवण लिहून पाठव, मी वाचून दाखवेन. किंवा दुकानात फोन कर. ती रोज सकाळी विचारते, "अनूचा काही निरोप?"

इनेजच्या कुंपणाला हे एवढं अळू आहे. इकडे त्याला डशीन म्हणतात. मागच्या अंगणात तुरीची झाडं आहेत आणि आत्ता शेंगा लगडल्यात. सोलून ताज्या तुरीचा भात करतात. तुला पाहायला आवडलं असतं.

लता


लाबोरी
३ मार्च १९९४

अनू,

आज इनेजने अळूचं सूप केलं. कॅलालू. आत खेकडा आणि नारळाचं दूध. मी खाताना व्हर्ना म्हणाली, "अनूसुद्धा हीच पानं शिजवते ना? मग सांग, त्या पार्टीत काय झालं होतं?"

पार्टी म्हणजे तुझ्या रश्मीचं बारसं, नॉटिंगहॅमला तुमच्या घरी झालेलं. व्हर्ना तिथे होती, पण सगळं बोलणं मराठीत झालेलं. जे तिने पाहिलं तेवढंच तिला ठाऊक. मी तिला कधी सांगितलं नव्हतं आणि तिनेही इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं. आज विचारलं, म्हणून सांगितलं. तुलाही सांगते, कारण माझ्या बाजूने तू ते कधी ऐकलेलं नाहीस.

मी कॉव्हेंट्रीहून सांजोऱ्या करून आणल्या होत्या, दोन डबे भरून. माझी आई, भीमाबाई, करायची तशा, गुळाच्या. तुझ्या सासूबाई पुण्याहून नुकत्या आल्या होत्या. त्यांनी कौतुकाने डबे उघडून पाहिले आणि विचारलं, "भालेराव म्हणजे कुठले गं तुम्ही?"

मी म्हटलं, "आम्ही मूळचे नाशिककडचे. बौद्ध."

"हो का," त्या म्हणाल्या. "छान."

बस, एवढंच. पानं वाढली, पण सांजोऱ्या काही कोणाच्या पानात आल्या नाहीत. मला वाटलं, गडबडीत राहिल्या असतील. जेवणं झाल्यावर व्हर्ना उष्ट्या पेपर प्लेट्स टाकायला मागच्या बिनपाशी गेली आणि तिला त्या तिथे दिसल्या. सगळ्या. आत येऊन तिने भरल्या खोलीत विचारलं, "लताने केलेलं गोड कोणी फेकलं?" डॉक्टर मंडळी, त्यांच्या बायका, तुझा नवरा शशिधर, सगळे गप्प. मी तुझ्याकडे पाहिलं. तू रश्मीचं झबलं नीट करत होतीस. मान वर केली नाहीस. व्हर्नाने माझा कोट आणला आणि आम्ही निघालो.

व्हर्नाने सगळं ऐकून घेतलं. मग माझा हात हातात घेऊन उलटा-सुलटा करून पाहिला, नर्स पेशंटचा पाहते तसा.

"या हातामुळे?"

"हो."

"पण ती माझ्या पातेल्यातलं खायची. तीन वर्षं."

"हो. मासे बाजूला सारून."

"तुझ्या ताटातलं खायची."

"हो."

तिने मान भिंतीकडे वळवली. मला वाटलं, झोपली. मग म्हणाली, "शी वॉज अ गुड गर्ल, लता."

मी म्हटलं, "होती."

अनू, मी अकरा वर्षं स्वतःला एक गोष्ट सांगत आले. सांजोऱ्या फेकल्याचं तुला आधी माहीत नसणार. व्हर्नाने विचारलं तेव्हाच तुला कळलं, आणि सासूबाईंसमोर तोंड उघडायची हिंमत झाली नाही. नव्या आईची, नव्या सुनेची नाही होत. मी तुला तेवढी सूट देत आले.

फोन कर. तिच्याकडे फार दिवस नाहीत.

लता


लाबोरी
१० मार्च १९९४

अनू,

तुझा फोन आला नाही. पत्र आलं नाही. आता आलं तरी उपयोग नाही, कारण तुझा फोन येऊन गेलाय. काय झालं ते सांगते.

काल सकाळी तिला पाण्याचा घोटही गेला नाही. ओठ ओले करत बसले. मग दुकानातून ब्रेड घेऊन आले तर डोळे दारावरच लागलेले.

"निरोप?"

मी रोज नाही म्हणते. काल तोंडातून गेलं, "आला. अनूचा फोन आला."

अनू, तिचा चेहरा तू पाहायला हवा होतास.

"काय केलं होतं तिने जेवायला?"

आधी हेच विचारलं. मी खुर्चीवर पाय वर घेऊन बसले, तू बसायचीस तशी, आणि सांगायला लागले. अळूचं फदफदं. परसातून आजी कोवळी पानं खुडते. हाताला चिंचेचं पाणी लावून चिरते, नाहीतर खाज सुटते. देठ सोलून वेगळे. हरभऱ्याची डाळ आणि दाणे आदल्या दिवशीच भिजलेले. मुळ्याच्या चकत्या. चिंचेचा कोळ, मग गूळ, मग पळीने घोटणं, पान आणि डाळ वेगळी ओळखू येईनाशी होईपर्यंत. शेवटी फोडणी. केळीच्या पानावर मऊ भात, त्यावर तूप, आणि भाताला आळं करून त्यात हे हिरवंगार ओतायचं.

मी एकदाही 'छान' म्हटलं नाही. ती डोळे मिटून गिळल्यासारखा घसा हलवत होती. इनेज दारात उभी राहून ऐकत होती.

मग व्हर्ना म्हणाली, "आणि त्या दिवसाबद्दल?"

मी अडकले. "सॉरी म्हणाली."

"कुठल्या शब्दांत?" तिची उलटतपासणी तुला ठाऊक आहे.

"म्हणाली, मला उशिरा कळलं, आणि कळल्यावर मी गप्प बसले. रश्मीचा वाढदिवस आला की दरवर्षी ते आठवतं."

"आणि तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, इट्स ऑल राइट, अनू."

तिने माझा हात दाबला. त्या हातात अजून एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. म्हणाली, "झालं तर मग. आता तुम्ही दोघी एकमेकींना बघाल." आणि झोपली. चांगली गाढ.

इनेजने मला अंगणात बोलावलं. दुकान तिच्या मावसबहिणीचं आहे, फोन आलेला नाही हे तिला माहीत होतं. तिने तुरीच्या शेंगांची टोपली माझ्यापुढे ठेवली आणि आम्ही दोघी सोलत बसलो.

लता


लाबोरी
१५ मार्च १९९४

अनू,

व्हर्ना काल दुपारी गेली. मी आणि इनेज दोघी जवळ होतो. त्रास झाला नाही.

तेव्हापासून घरात माणसं येताहेत. कोणी मासे आणतं, कोणी नीरफणस निखाऱ्यावर भाजून आणतं, कोणी नुसतीच कॉफी. आलेल्याला खाल्ल्याशिवाय सोडत नाहीत. मलाही सोडलं नाही. मी खाल्लं आणि सवयीने तिला सांगायला आत गेले.

लता


कॉव्हेंट्री
२४ एप्रिल १९९४

अनू,

काल व्हर्नाच्या स्मरणसभेला तू येशील असं मला वाटलं नव्हतं. चर्चच्या हॉलमधे व्हर्नाच्या जुन्या वॉर्डमधल्या सगळ्या जमल्या होत्या, आणि मी टेबलावर ताटल्या मांडत असताना तू दारात उभी. केस पांढरे झालेत तुझे. मला तुझी आईच आल्यासारखं वाटलं. बरोबर रश्मी. उंच झालीय, कपाळ तुझं.

तीच आधी पुढे आली. "लता मावशी? तुम्ही आईचा फ्रेंड आहे ना? आई सांगितली."

मी हो म्हटलं.

"मग तुम्ही आमच्या घरी कधी नाही आला?"

"आले होते की. तुझ्या बारशाला."

"ओह. मला आठवत नाही."

आपण तिघींनी ताटं घेतली. तू हिरवी केळी घेतलीस, मासा घेतला नाहीस. त्या वेळी मला हसू आलं होतं, खरं सांगते. इतक्या वर्षांनी तुझ्या शेजारी बसून जेवतेय, याचं बरंही वाटलं होतं.

मग कारपार्कमधे, रश्मी गाडीत बसल्यावर, तू विचारलंस, "व्हर्ना माझी आठवण काढायची का?" पत्रं तू वाचलीस की नाही ते ठाऊक नव्हतं, म्हणून मी तुला फोनचं सगळं पुन्हा सांगितलं. म्हणजे तू काय केलं होतंस, काय म्हणालीस, मी काय म्हणाले.

तू गाडीला टेकून रडलीस. म्हणालीस, "पत्रं सगळी मिळाली. फोन उचलायचे आणि ठेवायचे. वाटायचं, तू घेतलास तर काय बोलू?" आणि मग म्हणालीस, "लता, मला उशिरा नाही कळलं गं. सासूबाई म्हणाल्या, हे बाहेर टाकून ये. आणि मी गेले. डबे मीच रिकामे केले. धुऊन पुसून ठेवले, तुला परत द्यायला."

तू दोनदा सॉरी म्हणालीस. सासूबाई आता अंथरुणाला खिळल्यात, तूच त्यांचं सगळं करतेस, हेही सांगितलंस. ते का सांगितलंस, मला कळलं नाही. मी म्हटलं, "एम सिक्स्टीनाइनवर ट्रॅफिक असेल, निघा." आणि आत जाऊन ताटल्या आवरल्या.

रात्री हरिदासने विचारलं, काय म्हणाली? त्यालाही मला सांगता आलं नाही.

आज दिवसभर विचार करतेय. तिकडे व्हर्नासमोर इट्स ऑल राइट किती पटकन म्हटलं होतं मी. पण ते जिला म्हटलं ती मी बनवलेली अनू होती. ती नुसती गप्प बसली होती. जी डबे घेऊन मागच्या दाराने गेली, तिला मी अजून काहीच म्हटलेलं नाही. आणि म्हणवत नाही. काल तू इतकी रडलीस, तरी म्हणवत नाही. तू माझ्या ताटातलं खायचीस, अनू. मला सासूबाईंचा राग कधीच एवढा आला नाही.

पण व्हर्ना समाधानाने झोपली ती माझ्या शब्दावर. ते साफ खोटं ठरावं असंही मला वाटत नाही. तिच्यासाठी मी काहीही खाल्लं. हे मात्र गिळता येत नाही.

म्हणून एवढंच मागते. रश्मीने विचारलं, तुम्ही कधी का नाही आलात. अकरा वर्षांची आहे, समजतं तिला. बारशाला मी आले होते इथपर्यंत मी तिला सांगितलंय. त्या दिवशी पुढे काय झालं, कोणी काय केलं आणि का केलं, ते तू सांग. सासूबाईंचं नाव घेऊन थांबू नकोस, स्वतःचंही सांग. मराठीत जमलं नाही तर इंग्लिशमधे सांग, पण पूर्ण सांग. ती तुझ्यावर चिडेल. चिडू दे.

सांगितलंस की मला कळव. मग मी नॉटिंगहॅमला येईन, आणि तुझ्या घरी जेवेन.

लता